छतावरचा पाऊस जमिनीखाली: नागपुरातील एका भूजल पुनर्भरण सेवेचे दोन पावसाळ्यांनंतरचे परीक्षण

हिंगणा रस्त्याकडील आमच्या ले-आउटमध्ये १६ सदनिकांची आमची चार मजली इमारत आहे. तिच्या आवारात २००९ साली १८० फूट खोल बोअर घेण्यात आला आणि त्यानंतर बरीच वर्षे त्याने तक्रारीला जागा दिली नाही. मे २०२४ मध्ये मात्र, नवतपा सुरू होण्याच्या आधीच, पंप अर्धा तास चालला की हवा ओढू लागला आणि आम्हांला दिवसाआड टँकर बोलवावा लागला. याच शहरात आठ महिन्यांपूर्वी, २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे, काही तासांत १०० मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला होता, अंबाझरी तलाव ओसंडला होता आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांमध्ये पाणी शिरले होते. आमच्या छताचे क्षेत्रफळ ३२० चौरस मीटर आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी, या सरळ हिशोबाने त्या एका रात्री आमच्या छतावर ३०,००० लिटरहून अधिक पाणी पडले आणि पाइपातून रस्त्यावर, रस्त्यावरून नालीत गेले. ५,००० लिटरचे सहा टँकर त्यात भरले असते. हा हिशोब मी टँकरची वाट पाहत फाटकाशी उभा असताना केला, आणि त्याच आठवड्यात इमारतीच्या सभेत छतावरच्या पाण्याने भूजल पुनर्भरण करून घेण्याचा विषय मांडला.

ज्यांनी हे काम केले त्या संस्थेचे नाव मी येथे देत नाही. अशी कामे करणारे नागपुरात अनेक आहेत, आणि त्यांच्यापैकी कोणाकडूनही काम करून घेताना काय पाहावे, काय विचारावे आणि पैसे देऊनही काय मिळत नाही, हे वाचणाऱ्याला कळावे एवढाच या परीक्षणाचा हेतू आहे. काम जून २०२४ च्या पहिल्या आठवड्यात पूर्ण झाले. त्यानंतर दोन पावसाळे आणि एक उन्हाळा गेला आहे. त्यामुळे आता बोलण्यात अर्थ आहे. काम झाल्याच्या दुसऱ्या दिवशी अशा सेवेविषयी लिहिता येते ते फक्त सिमेंट आणि पाइपांविषयी.

या संस्थेकडे जाण्याआधी आम्ही एका बोअर खोदणाऱ्याला बोलावले होते. त्याने आवारात दहा मिनिटे फिरून, जुना बोअर सोडून द्या आणि ३५० फुटांचा नवा घ्या, असा सल्ला दिला. नारळ हातावर धरून पाणी दाखवणारा पाणाड्याही त्याच्याबरोबर होता. सभेतील निम्म्याहून अधिक लोक या सल्ल्याला तयार झाले होते, कारण खोल गेले की पाणी लागतेच अशी आपल्याकडे पक्की समजूत आहे. नदीच्या गाळाच्या प्रदेशात तिला काही आधार असेलही, परंतु महाराष्ट्राचा ८० टक्क्यांहून अधिक भूभाग दख्खनच्या बेसाल्टचा आहे आणि नागपूर त्याच्या अगदी पूर्व कडेला बसलेले आहे. शहराच्या पश्चिमेला बेसाल्ट, तर पूर्वेकडे त्याहून कितीतरी जुना ग्नाइस खडक, अशी येथील मांडणी आहे. सीताबर्डीच्या टेकडीवरचा बेसाल्ट आणि त्याच्या पोटाखालचे लामेटा नावाचे जुन्या गाळाचे थर यांची नोंद मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यालाच केली होती. हिस्लॉप महाविद्यालय त्यांच्याच नावाचे, हे सर्वांना माहीत असते. त्यांच्या भूशास्त्राकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष जात नाही.

बेसाल्ट हा स्पंजासारखा खडक नाही. त्यात पाणी राहते ते वरच्या झिजलेल्या मुरमात, बुडबुड्यांच्या पोकळ्या असलेल्या मांजऱ्या खडकात, सांध्यांत आणि भेगांत, तसेच लाव्ह्याचे दोन थर जेथे एकमेकांवर टेकतात त्या पट्ट्यात. जसजसे खोल जावे तसतशा भेगा वरच्या भाराने मिटत जातात आणि काळा घट्ट कातळ लागतो. खोल बोअरला पाणी लागतच नाही असे नाही, पण अनेकदा ते पाणी वरच्याच थरातून उतरलेले असते. म्हणजे शेजारच्या उथळ विहिरीचे पाणी आपण खालून ओढून घेतो एवढेच. महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ या कायद्याने ६० मीटरपेक्षा खोल विहिरींवर निर्बंध घातले ते काही कारणावाचून नाही; ३५० फूट म्हणजे १०० मीटरांहून अधिक, हे त्या सल्लागाराने आम्हांला सांगितले नव्हते.

हे मी दुरून पाहिलेले नाही. माझ्या मामेभावाचा नरखेड तालुक्यात संत्र्याचा बगीचा आहे. त्याच्या वडिलांच्या काळी विहिरीवर मोट चालत असे, मग इंजिन आले, मग मोटारपंप, मग विहिरीच्या तळाशी आडवे बोअर, आणि आता बगीच्याच्या चार कोपऱ्यांत चार बोअर आहेत, ज्यांपैकी दोन कोरडे आहेत. पलीकडचा वरूड-मोर्शीचा पट्टा तर भूजलाच्या अतिउपशासाठी कित्येक वर्षे ओळखला जातो. भूजल मूल्यांकनात वर्षभरात उपसता येण्याजोग्या पाण्यापैकी ७० टक्क्यांपर्यंत उपसा असेल तर तो भाग सुरक्षित, ७० ते ९० टक्के असेल तर अंशतः शोषित, ९० ते १०० टक्के असेल तर शोषित आणि १०० टक्क्यांच्या वर गेला तर अतिशोषित मानतात. संत्र्याला आंबिया बहारासाठी, म्हणजे हिवाळ्याअखेरच्या फुलोऱ्यासाठी, आधी पाणी तोडून ताण द्यावा लागतो आणि नंतर भर उन्हाळ्यात पाणी तोडता येत नाही. बाग उभी राहायला लागलेली वर्षे डोळ्यांपुढे असताना शेतकरी पुढचा बोअर घेतो. त्याचा दोष मी त्याला देणार नाही. परंतु ज्या खडकाने त्याला हरवले तोच खडक आमच्या इमारतीखाली आहे, आणि आमच्याजवळ तर बागेसारखे कारणही नव्हते.

आता मूळ सेवेविषयी. पहिल्या भेटीला एक भूवैज्ञानिक तरुणी आणि एक तंत्रज्ञ आले. त्यांनी छताकडे पाहिलेही नाही. आधी बोअरची टोपी उघडून त्यात फितीला बांधलेला पातळीमापक सोडला. पाण्याला टेकताच तो आवाज करतो. पातळी जमिनीखाली ३८.२ मीटरवर होती. त्यानंतर त्यांनी विचारलेले प्रश्न मी वहीत लिहून ठेवले आहेत: बोअर खोदताना कोणत्या खोलीला काय लागले याची नोंद आहे काय, केसिंग पाइप (बोअरच्या कडा ढासळू नयेत म्हणून घातलेला पाइप) किती फुटांपर्यंत आहे, पंप किती खोलीवर बसवला आहे, शौचालयाची टाकी कोठे आहे, आजूबाजूला कोणाकोणाचे बोअर आहेत आणि त्यांपैकी कोणता मे महिन्यातही चालतो. खोदकामाची नोंद आमच्याकडे नव्हती. बोअर घेताना निघालेला चुरा किती खोलीवर कोणत्या रंगाचा होता, एवढे जरी कोणी लिहून ठेवले असते तरी आमचे पुढचे पैसे वाचले असते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दोन तास पंप चालवून पाणी किती खाली जाते आणि पंप बंद केल्यावर किती वेळात परत वर येते, याची चाचणी घेतली. समोरच्या मोकळ्या भूखंडावर विद्युत रोधकतेचे सर्वेक्षणही केले. त्यात जमिनीत लोखंडी खुंट्या ठोकून बाहेरच्या दोन खुंट्यांमधून वीज सोडतात, आतल्या दोन खुंट्यांमध्ये विभवांतर (व्होल्टेज) मोजतात आणि खुंट्यांमधले अंतर वाढवत नेऊन अधिकाधिक खोलीचा अंदाज घेतात. पाणी धरणारा झिजलेला थर विजेला कमी रोध करतो, कोरडा घट्ट कातळ जास्त. ही पद्धत पाणी ‘दाखवत’ नाही, ती थरांची जाडी सुचवते, हे त्या तरुणीने स्वतःहून स्पष्ट केले. मला या सेवेविषयी पहिला विश्वास वाटला तो या वाक्यामुळे. खात्री देणाऱ्यांच्या गर्दीत आपल्या साधनाची मर्यादा सांगणारा माणूस विरळा भेटतो.

इमारत बांधताना परवानगीची अट पूर्ण करण्यासाठी एका कोपऱ्यात सिमेंटच्या कड्यांचा शोषखड्डा केलेला होता आणि छताचा एक पाइप त्यात सोडलेला होता. आम्ही इतकी वर्षे समजत होतो की आमच्याकडे पुनर्भरण आहेच. तंत्रज्ञाने तो उकरला तेव्हा पाच फुटांवर काळी चिकणमाती लागली आणि खड्डा तेथेच संपला होता. काळी माती उन्हाळ्यात हातभर भेगाळते, पण पहिल्या दोन-तीन सरींनंतर फुगून भेगा मिटवते आणि मग तिच्यातून पाणी अत्यंत सावकाश उतरते. त्या खड्ड्यातले पाणी पोळ्यापर्यंत तसेच साचून राहत असे आणि आम्ही दर वर्षी त्यात डासांचे औषध टाकत असू. “काका, हा खड्डा पाणी जिरवत नव्हता, साठवत होता,” असे तो तंत्रज्ञ म्हणाला. नागपुरातील कित्येक आवारांत असे कागदोपत्री खड्डे आहेत. आपला खड्डा काळी माती ओलांडून मुरमापर्यंत पोहोचला आहे काय, हे पाहण्यासाठी कोणत्याही संस्थेची गरज नाही. एक माणूस, एक सब्बल आणि एक सकाळ पुरते.

नवा खड्डा दोन मीटर लांब, दोन मीटर रुंद आणि तीन मीटर खोल घेतला. त्याच्या तळातून मुरमाखालच्या मांजऱ्या थरापर्यंत सहा इंची छिद्र पाडून त्यात जाळीचा पाइप बसवला. तळाशी मोठे दगड, त्यावर गिट्टी, त्यावर जाड वाळू असे थर आहेत. हे माप कोठून आले हे मी विचारले, तेव्हा त्यांनी जो हिशोब मांडला तो असा: तासाला ६० मिलिमीटरच्या वेगाने पाऊस आला तर १५ मिनिटांत १५ मिलिमीटर पडतो, ३२० चौरस मीटर छतावर ते ४,८०० लिटर झाले, त्यांपैकी सुमारे ८५ टक्के पाइपापर्यंत पोहोचते, म्हणजे ४,००० लिटरच्या आसपास. खड्ड्याचे घनफळ १२ घनमीटर, त्यात दगड-वाळूमधली पोकळी सुमारे ४० टक्के, म्हणजे ४,८०० लिटर मावतील. आधी ज्या दोन दरपत्रकांत खड्ड्याचे माप दिले होते, त्यांत ते सगळ्या इमारतींना एकच होते.

आणखी एका गोष्टीसाठी मी या सेवेला मनापासून श्रेय देतो. बाजारात फिल्टर थेट बोअरच्या केसिंगला जोडून छताचे पाणी सरळ बोअरमध्ये सोडणारे बरेच विक्रेते आहेत. काम अर्ध्या दिवसात होते आणि खर्चही कमी येतो. आमच्यापैकी अनेकांना तेच हवे होते. या संस्थेने त्याला नकार दिला. आमच्या छतावर कबुतरांची विष्ठा होती, डिश अँटेनांचा गंज होता, कोणीतरी ठेवलेले रंगाचे डबेही होते. मातीतून झिरपणारे पाणी वाटेत थोडेफार गाळले जाते. बोअरमधून थेट सोडलेले पाणी मात्र जसेच्या तसे भेगांत जाते आणि एकदा बिघडलेले भूजल आपल्या हयातीत पुन्हा पूर्ववत होईल याचा भरवसा नसतो. त्यांनी छत आधी रिकामे करून घेतले, पहिल्या पावसाचे पाणी बाहेर काढून टाकण्यासाठी वेगळा व्हॉल्व्ह दिला आणि तो कधी फिरवायचा हे आमच्या चौकीदाराला दोनदा करून दाखवले. शौचालयाच्या टाकीपासून खड्डा आवाराच्या अगदी दुसऱ्या टोकाला नेला, त्यासाठी आमची एक वाहनाची जागा गेली आणि त्यावरून सभेत कडाक्याचा वाद झाला. आज त्या निर्णयाविषयी माझ्या मनात तिळमात्र शंका नाही.

एकूण खर्च १,७६,००० रुपये आला, म्हणजे प्रत्येक सदनिकेला ११,००० रुपये. यात सर्वेक्षण, खड्डा, छिद्र, पाइप आणि पहिल्या वर्षाची देखभाल धरलेली होती. पाण्याचे मीटर मात्र वेगळे पैसे देऊन घ्यावे लागले आणि ते ऐच्छिक म्हणून यादीच्या शेवटी टाकलेले होते. हे मला पटले नाही. पुनर्भरणाच्या कामात मीटर शेवटी नव्हे, पहिल्या ओळीत यायला हवे, आणि त्याचे कारण पुढच्या आकड्यांत आहे.

नागपूरचा वार्षिक पाऊस सरासरीने १,००० मिलिमीटरच्या वर जातो. १,००० धरला तरी आमच्या छतावरून वर्षाला सुमारे २ लाख ७२ हजार लिटर पाणी खड्ड्यात जाऊ शकते. आकडा मोठा वाटतो आणि दरपत्रकाच्या पहिल्या पानावर तोच ठळक छापलेला होता. परंतु मीटर बसवल्यावर कळले की आम्ही बोअरमधून रोज सरासरी ३,००० लिटर उपसत होतो, म्हणजे वर्षाला जवळपास ११ लाख लिटर. महानगरपालिकेचे पाणी पेंच प्रकल्पातून आणि कन्हान नदीतून येते, ते आम्हांला मिळते. त्याच्या जोडीला एवढे पाणी आम्ही खालून काढत होतो आणि चांगल्यात चांगल्या पावसात त्यातले जेमतेम पाव परत करू शकणार होतो. सभेत हा आकडा वाचून दाखवल्यावर बराच वेळ कोणी बोलले नाही. पुनर्भरण करून घेतले म्हणजे उपसा करायला मोकळे झालो, ही समजूत तेथेच संपली, आणि माझ्या दृष्टीने १,७६,००० रुपयांत मिळालेली सर्वांत मौल्यवान गोष्ट ती.

त्यानंतर जे बदल झाले ते कोणत्याही संस्थेच्या यादीत नव्हते. वरच्या टाकीला फ्लोट व्हॉल्व्ह बसवला, कारण ती रोज सकाळी वाहत असे. नळीने गाड्या धुणे बंद झाले. नागपुरात एप्रिल ते जून प्रत्येक घरात कूलर चालतो आणि प्रत्येक कूलर दिवसाला कित्येक बादल्या पाणी पितो; आमच्या इमारतीत ते सगळे बोअरचे असे. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी सुचवले की शुद्धीकरण यंत्रातून वाया जाणारे पाणी निदान फरशी पुसायला आणि कुंड्यांना वापरावे, आणि संध्याकाळी हवा थंड झाल्यावर कूलरचा पंप बंद करून नुसता पंखा चालवावा. कूलरच्या ताट्यांवर क्षारांचे पांढरे थर चढतात, त्यावरून पाणी किती जड आहे हे त्यांनीच सर्वांत आधी ओळखले होते. वर्षभरात उपसा दिवसाला सरासरी २,१०० लिटरवर आला. त्या हिशोबाने छताचा पाऊस आता उपशाच्या एक-तृतीयांशाहून थोडा अधिक भरतो.

पातळीचे काय झाले, हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा विचारला जातो. नोव्हेंबर २०२४ मध्ये पाणी ९.४ मीटरवर होते आणि इमारतीत पेढे वाटले गेले. पण पावसाळ्यानंतर प्रत्येक बोअरची पातळी वर येते, ज्याने काहीच केले नाही त्याचीही. केंद्रीय भूजल मंडळ आपल्या निरीक्षण विहिरी वर्षातून चार वेळा मोजते: जानेवारीत, मेच्या सुमारास, ऑगस्टमध्ये आणि नोव्हेंबरमध्ये, त्यांतले मेचे माप खरे परीक्षेचे. मे २०२५ मध्ये आमची पातळी ३३.६ मीटरवर होती, म्हणजे आदल्या मेपेक्षा ४.६ मीटर वर, आणि त्या उन्हाळ्यात टँकर आला नाही. संस्थेने आपल्या अहवालात या ४.६ मीटरांचे सगळे श्रेय खड्ड्याला दिले आहे. मला ते मान्य नाही. ले-आउटमधल्या ज्या बोअरला पुनर्भरण नाही, तोही त्याच मेमध्ये आदल्या वर्षापेक्षा दीड मीटर वर होता. तो पावसाचा वाटा झाला. उरलेल्यात आमच्या कमी झालेल्या उपशाचा हात मोठा आहे. ज्या अहवालात शेजारच्या बोअरचे माप नाही, तो अहवाल अर्धा आहे असे मी समजतो.

शेजाऱ्यांचा विषय निघालाच आहे, तर या सेवेचा मला जाणवलेला मुख्य दोष येथेच सांगतो. ती भूखंडाला विकली जाते, आणि भूजल भूखंडापुरते नसते. झिजलेल्या बेसाल्टची पाणी देण्याची क्षमता त्याच्या आकारमानाच्या सुमारे दोन टक्के धरली जाते. आमचे २७२ घनमीटर पाणी आमच्या ६०० चौरस मीटरच्या भूखंडाखालीच थांबले असते, तर पातळी २२ मीटरांहून अधिक वर यायला हवी होती. ते थांबत नाही; ते ले-आउटखाली पसरते. पाच हेक्टरवर पसरले, तर वाढ अवघी २७ सेंटिमीटर. म्हणजे पैसे आम्ही घालायचे आणि समोरच्या इमारतीने गाड्या धुवायच्या, असे आमच्या सभेत एका गृहस्थांनी रागाने म्हटले. त्यांचा हिशोब बरोबर होता, निष्कर्ष मात्र बरोबर नव्हता, कारण इतकी वर्षे समोरच्या इमारतीखालचे पाणीही आम्ही ओढत आलो होतो.

हिवरे बाजारची गोष्ट महाराष्ट्रात सर्वांनी ऐकलेली असते. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातले ते गाव पर्जन्यछायेतले आहे, नागपूरच्या निम्म्याहून कमी पावसाचे. पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली तेथे डोंगरउतारावर चर खणले गेले, बांध घातले गेले, हे छायाचित्रांत दिसते. छायाचित्रांत न दिसणारी गोष्ट अशी की गावाने सिंचनासाठी बोअर घेणे बंद केले, आणि दर वर्षी किती पाऊस पडला ते मोजून, पाण्याचा ताळेबंद गावासमोर मांडून, त्यावरून कोणती पिके घ्यायची हे ठरवले. त्याही आधी, १९७२ च्या दुष्काळानंतर, विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यात पाणी पंचायत उभी केली तेव्हा पाण्याचा वाटा जमिनीवर न ठरवता कुटुंबातील माणसांवर ठरवला होता. ही सगळी कोरडवाहू मुलखातील माणसे. ज्यांच्याकडे पाऊस कमी, त्यांनी मोजायला आधी सुरुवात केली. आमच्याकडे ४५ अंशांचा उन्हाळा आणि १,००० मिलिमीटरचा पाऊस दोन्ही असल्यामुळे आम्ही चार महिने पाण्याला कंटाळतो आणि चार महिने पाण्यासाठी तळमळतो, पण मोजत नाही.

म्हणून मी संस्थेकडे आग्रह धरला की त्यांनी सगळ्या ले-आउटसाठी एक सभा घ्यावी. त्यांनी ती ऑक्टोबर २०२४ मध्ये घेतली, विनामूल्य, आणि त्या भूवैज्ञानिक तरुणीने खडूने रस्त्यावरच थरांचे चित्र काढून सांगितले. चार इमारतींनी पुढच्या उन्हाळ्यात काम करून घेतले. पाचव्या इमारतीने नवा बोअर घेतला. संस्थेच्या माहितीपत्रकात मात्र आजही एका भूखंडाचेच दर आहेत; चार-सहा इमारतींनी मिळून करायच्या कामाचे दर, एकत्र मोजमाप, एकत्र अहवाल, असे काही नाही. हे त्यांनी करायला हवे. त्यांच्याकडे ज्ञान आहे, आणि ते ज्ञान एका फाटकाच्या आत मावणारे नाही.

देखभालीत त्यांनी निराश केले. करारात मृगाच्या आधी वाळूचा वरचा थर काढून धुवायचा, असे स्पष्ट लिहिले होते. २०२५ मध्ये माणसे तीन आठवडे उशिरा आली. तोवर दोन मोठ्या सरी झाल्या होत्या, धुळीने आणि कडुनिंबाच्या पानांनी वाळूवर साय धरली होती आणि पाणी खड्ड्यावरून वाहून पुन्हा रस्त्यावर गेले होते. मी फोन करत राहिलो, मला दर वेळी उद्याची तारीख मिळाली. शेवटी चौकीदाराने आणि मी मिळून वरचा बोटभर थर खरवडून काढला आणि पाणी लगेच उतरू लागले. म्हणजे काम कठीण नव्हते, वेळेवर करण्याचे होते. जो खड्डा पावसाळ्याच्या पहिल्या पंधरवड्यात बंद राहतो, तो त्या वर्षीचा मोठा वाटा गमावतो.

पाण्याच्या गुणवत्तेची तपासणी कामाआधी झाली, नंतरची आम्हांला स्वतःच्या खर्चाने करून घ्यावी लागली. आधी नायट्रेट लिटरमागे ५८ मिलिग्रॅम होते, दुसऱ्या पावसाळ्यानंतर ४९ झाले. भारतीय मानकाची मर्यादा ४५ आहे, म्हणून हे पाणी आम्ही आजही पिण्यासाठी वापरत नाही. पावसाच्या पाण्याने नायट्रेट पातळ होते, पण ते ज्या गळक्या मलवाहिन्यांतून आणि टाक्यांतून येते त्या दुरुस्त होत नाहीत. विदर्भातील काही भागांत फ्लोराइडचीही अडचण आहे, त्यामुळे बोअरचे पाणी पिणाऱ्यांनी ते स्वतंत्रपणे तपासून घ्यावे. पुनर्भरण म्हणजे शुद्धीकरण नव्हे, हे संस्थेने माहितीपत्रकात लिहिलेले नाही आणि ते लिहिले पाहिजे.

अहवाल इंग्रजीत होता. आलेख सुंदर होते, पण १६ घरांपैकी चार-पाच घरांनीच तो वाचला असेल. आम्ही त्याचे मराठी करून सूचनाफलकावर लावले, तेव्हा बोअरची पातळी ही इमारतीत बोलण्याची गोष्ट झाली.

ही सेवा कोणी घ्यावी? शहराच्या पश्चिम आणि नैर्ऋत्य भागात, जेथे मुरूम आणि मांजऱ्या थर हाताशी आहे आणि मेमध्ये बोअरचे पाणी खोल जाते, तेथे जरूर घ्यावी. पूर्वेकडच्या ग्नाइसमध्येही पुनर्भरण होते, परंतु तेथे झिजलेल्या थराची जाडी आणि भेगांची दिशा आधी पाहावी लागेल, आमच्या खड्ड्याचे माप तेथे उचलून नेऊ नये. नदीकाठी किंवा तलावाच्या पायथ्याशी, जेथे पावसाळ्यानंतर पाणी जमिनीपासून तीन मीटरांच्या आत असते, तेथे असा खड्डा करू नये. त्या पाण्याला जायला जागाच नसते आणि तळघरे ओली होतात. तेथे छताचे पाणी टाकीत साठवून वापरणे चांगले.

आम्ही करार एका वर्षासाठी वाढवला आहे, तीन अटी घालून: वाळू २५ मेच्या आत धुतली जाईल, वर्षातून चार वेळा पातळी आमच्या बोअरबरोबर ले-आउटमधल्या सहाही बोअरची मोजली जाईल, आणि अहवाल मराठीत मिळेल. पहिल्या दोन त्यांनी लगेच मान्य केल्या, तिसरीसाठी थोडा वेळ मागितला. जानेवारीचे माप घ्यायला ती भूवैज्ञानिक तरुणी येणार आहे, आणि नवा बोअर घेतलेल्या त्या पाचव्या इमारतीने आपल्या बोअरची टोपीही त्या दिवशी उघडून ठेवण्याचे कबूल केले आहे.